दुपारच्या बंद वेबसाईटी

जगात वेबसाईटी किती आहेत ते मोजायचं काम मी केलेलं आहे. असं म्हटलं की समोरचा आधी हसतो आणि मग विचारतो, "मग किती निघाल्या?" मी काहीतरी बोलून वेळ मारून नेते. पुढचं सांगायचं तर महाडच्या क्लासपासून नानांच्या गुडघ्यापर्यंत सगळं सांगावं लागतं, आणि पन्नाशी गाठल्यावर तेवढं बोलायचा कंटाळा येतो. लिहायचाही येतो. पण गेल्या महिन्यात एक फोन आला आणि तेव्हापासून ते सगळं डोक्यात ठाण मांडून बसलंय, म्हणून एकदाचं कागदावर उतरवते आणि मोकळी होते.

तेव्हा आम्ही पोलादपूरला एसटी स्टँडच्या मागे दोन खोल्यांत भाड्याने राहत होतो. आई, नाना आणि मी. नाना म्हणजे माझे वडील, प्राथमिक शाळेतले मास्तर. शाळा आमच्याच वाडीत होती. आंबेनळी घाटाच्या रस्त्यावर एसटीतून उतरायचं आणि तिथून तासभर चढायचं. वाडीत आमचं घर होतं, पण माझ्या शिक्षणासाठी म्हणून जे खाली आलो ते आलोच. शाळा संपली, कॉलेज संपलं, तरी बिऱ्हाड काही हललं नाही. सगळी दुनिया शिकायला खाली येते आणि आमचे हे शिकवायला वर जातात, असं आई रोज सकाळी म्हणायची आणि म्हणता म्हणता त्यांचा डबा बांधायची. पहिली गाडी चालू झाली की मांडणीवरची भांडी थरथरायची. कंडक्टरने दोनदा घंटी मारली की आई चुलीपाशीच सांगायची, "महाड सुटली." घड्याळ होतं घरात, पण तिने ते कधी बघितलेलं मला आठवत नाही. खाणं ठरलेलं. सकाळी नाचणीची भाकरी आणि सुकटीची चटणी, रात्री कुळथाची पिठी आणि भात. चैत्रात नाना वाडीतून येताना रुमालात ओले काजू बांधून आणायचे. ते सोलून आईच्या बोटांची सालं निघायची, पण त्या गरांची आमटी झाली की त्या दिवशी आमच्याकडे कुणी कुणावर चिडत नसे.

मी बी.ए. होऊन दोन वर्षं घरात होते. दोन स्थळं येऊन गेली होती. एकाला मी सावळी वाटले आणि दुसऱ्याला नोकरीवाली मुलगी हवी होती. पहिल्याचं काही करता येण्यासारखं नव्हतं, म्हणून आम्ही दुसऱ्याच्या मागे लागलो. नानांनी मला महाडला कॉम्प्युटरच्या क्लासला घातलं. सहा महिन्यांचा कोर्स मी चार महिन्यांत संपवला, याचं त्यांना फार कौतुक. वाडीतल्या पोरांना सांगायचे, आमची लता यंत्राशी बोलते. प्रत्यक्षात मी यंत्राशी बोलत नव्हते, नुसती त्याच्यापुढे बसत होते. पण नोकरी लागली की सगळं मार्गी लागेल असं घरात तिघांनाही वाटत होतं, फक्त तसं बोलत कुणी नव्हतं.

क्लास बाजारपेठेच्या आतल्या गल्लीत होता. खाली क्लास, वर पराग सरांचं घर. सर पुण्याला शिकून आलेले, तिशीचे, बोलायला गोड माणूस. घरात ते आणि त्यांची आई, दोघंच. क्लासमध्ये तीन कॉम्प्युटर होते, तिन्हींवर फुलाफुलांची कव्हरं. एक सरांच्या केबिनमध्ये आणि दोन बाहेर भिंतीकडे तोंड करून. इंटरनेट टेलिफोनच्या तारेतून यायचं. केबिनमधला मोडेम आधी किंचाळायचा, मग खरखरायचा, मग एकदम गप्प व्हायचा, आणि तो गप्प झाला की जग उघडलं असं समजायचं. एकाच लाईनवर तिन्ही कॉम्प्युटर चालायचे. पान उघडायला लागणाऱ्या वेळात मी भिंतीवरच्या कॅलेंडरातल्या सगळ्या एकादश्या पाठ केल्या.

कोर्स संपल्यावर सरांनी मला आणि माझ्याबरोबरच्या रेश्माला थांबवून घेतलं. रेश्मा महाडचीच, माझ्याहून दोन वर्षांनी लहान आणि तोंडाने चारपट मोठी. सरांना मुंबईच्या एका कंपनीकडून काम मिळालं होतं, आणि त्या कंपनीला ते परदेशातल्या कुणीतरी दिलं होतं. इंटरनेटवर खरोखर चालू अशा वेबसाईटी किती, याचा अंदाज काढायचा होता. सरांनी आम्हाला समजावून सांगितलं. वेबसाईट काढायची तर तिचं नाव नोंदवावं लागतं, तेव्हा नोंदलेली नावं किती ते माहीत असतं. पण नाव नोंदलं म्हणजे वेबसाईट आहेच असं नाही. कुणी नाव घेऊन ठेवतो आणि पुढे काही करत नाही, कुणी काढतो आणि सोडून देतो. सगळी नावं तपासायला जन्म पुरणार नाही, म्हणून चिठ्ठ्या टाकल्यासारखी त्यातली काही हजार उचलायची, एकेक उघडून बघायची, शंभरात किती चालू निघतात ते काढायचं आणि त्यावरून सगळ्यांचा हिशोब मांडायचा. व्यापारी नाही का बोरीतला पसाभर तांदूळ बघून अख्ख्या बोरीचं बोलतो, सर म्हणाले. मला ते लगेच पटलं. आजही पटतं. पण पसा नीट भरायला हवा.

आमच्या पुढ्यात छापील कागदांचा गठ्ठा आला. प्रत्येक पानावर नावं आणि नावापुढे तीन रकाने: उघडते, नुसती पाटी, उघडत नाही. नाव टाइप करायचं, मनात तीस मोजायचे आणि खूण करायची. "नुसती पाटी" म्हणजे आत काही नाही, पण काम चालू आहे असं लिहिलेलं आणि बाजूला फावडं घेऊन एक माणूस माती उपसतोय असं चित्र. तो फावडेवाला तेव्हा इंटरनेटवर जिथे तिथे भेटायचा. कधीपासून उपसतोय कुणास ठाऊक, खड्डा काही व्हायचा नाही. रेश्मा त्याला मामा म्हणायची. "लता, आज माझ्याकडे अकरा मामा आले गो." उघडणाऱ्या वेबसाईटींमध्ये काय काय असायचं! कुणाची कुत्री, कुणाचं लग्न, कुणाच्या गावच्या चर्चच्या बायकांनी केलेले केक. पहिल्या आठवड्यात मी थांबून थांबून बघत होते. दुसऱ्या आठवड्यात नुसत्या खुणा करायला लागले. मान अवघडायची, डोळ्यांतून पाणी यायचं, आणि संध्याकाळी एसटीत बसल्यावर रस्त्याकडेच्या दुकानांच्या पाट्या बघूनही मी मनात तीस मोजायची. दमणं काय असतं ते मी त्या तीन-चार आठवड्यांत शिकले. नंतर बरंच दमले, पण तसं नाही.

दुपारची गोष्ट वेगळी होती. महाडची बाजारपेठ एकला बंद व्हायची ती चारला उघडायची. दुकानांची शटरं खाली यायची, गल्लीत कुत्री आडवी व्हायची, सर वर जेवायला जायचे आणि मग झोपायचे. आम्ही दोघी डबे खाऊन पुन्हा कागद पुढे ओढायचो. आणि दुपारी एकही वेबसाईट उघडायची नाही. पानंच्या पानं तिसरा रकाना. सकाळी शंभरात निम्म्या तरी उघडायच्या, चारनंतरही उघडायच्या. मधल्या वेळात सगळा शुकशुकाट. आता हे लिहायलासुद्धा लाज वाटते, पण आम्हाला त्यात काही वावगं वाटलं नाही. दुपारी दुकानं बंद असतात, पोस्टाची खिडकी बंद असते, देवळाचं दार ओढलेलं असतं. वेबसाईटीही दुपारच्या बंद होत असतील. "त्यांनापण जेवायचं असतंच की," रेश्मा म्हणाली, आणि मी हो म्हटलं. दोन पदवीधर मुली. असे तीन आठवडे गेले. उलट दुपारी खुणा भराभर व्हायच्या म्हणून बरंच वाटायचं.

त्याच चैत्रात नानांना जनगणनेचं काम आलं. माणसं मोजायची वेळ नंतर, आधी घरं मोजायची. शाळा सुटल्यावर ते वाडीत दारोदार फिरायचे, कागद भरायचे आणि चौकटीवर गेरूने घराचा आकडा टाकायचे. संध्याकाळी घरी आले की नखं लाल, धोतर लाल, एकदा तर मिशीलाही लागला होता. गेरू निघत नाही म्हणून आई करवादायची. मुंबईकर यायला अजून वेळ होता, त्यामुळे वाडीतली बरीच घरं कुलपातच होती. कुलूप दिसलं की "बंद" असं लगेच लिहायचं नाही, तीन वेगळ्या दिवशी तीनदा जाऊन बघायचं, असं नाना म्हणायचे. हा सरकारचा नियम होता की त्यांचाच, ते मला आजही माहीत नाही. रात्री जेवताना ते मला विचारायचे, "आज किती झाल्या?" मी त्यांना विचारायची, "तुमची किती झाली?" आई म्हणायची, "मोजा, मोजा. बाप घरं मोजतोय नि लेक काय ती जाळी मोजतेय. भात कोण मोजून घेणार हाय?"

अशाच एका जेवणात मी सहज म्हटलं, "नाना, दुपारी एकपण उघडत नाय."

"एकपण?"

"एकपण नाय. एक ते चार सगळ्या बंद. रेश्मा म्हणते जेवायला जात असतील."

"मग काय, त्यांना पोट नाय?" आई म्हणाली.

नाना हसले नाहीत. ते हसले असते तर बरं झालं असतं. शाळेत एखाद्या मुलाची बेरीज चुकली की ते त्याला नवी बेरीज घालायचे, तशी त्यांनी मला घातली. म्हणाले, "लता, आपल्या वाडीत सदतीस घरं. त्यातली पंधरा बंद लागली तर मी मानतो. सदतीसच्या सदतीस बंद लागली तर काय समजायचं?"

"काय?"

"मी भर उन्हात गेलो नि सगळी माणसं राब भाजायला शेतावर हायत, एवढंच समजायचं. घरं बंद नसतात गो, माझी वेळ चुकलेली असते. सगळंच्या सगळं बंद दिसलं की दाराकडे नाय बघायचं, आधी आपल्याकडे बघायचं." एवढं बोलून त्यांनी पिठी ओतून घेतली. मी मात्र जेवता जेवता दुपारची पानं मनात मोजायला लागले. 

दुसऱ्या दिवशी सकाळी ज्या उघडल्या त्यातली दहा नावं मी वेगळ्या चिठोऱ्यावर लिहून ठेवली. दुपारी दीडला तीच दहा पुन्हा टाकली. एकही उघडली नाही. सकाळी मी त्यातली कुत्री बघितली होती, केक बघितले होते. गल्ली शांत होती आणि तेवढ्यात वरून आवाज आला. सरांच्या आई बोलत होत्या. "अगो, मग तिनं काय घातलंन त्यात?" मध्ये थांबत होत्या, हसत होत्या, पुन्हा बोलत होत्या. त्यांची बहीण बिरवाडीला दिली होती आणि मुलगा झोपला की त्या रोज दुपारी तिला फोन करायच्या. मी उठून सरांच्या केबिनमध्ये गेले. मोडेमवरचा जोडणीचा दिवा विझलेला होता. लाईन वर-खाली एकच, त्यामुळे वर रिसीव्हर उचलला की खाली जग तुटत होतं आणि चारला सर येऊन पुन्हा जोडेपर्यंत तुटलेलंच राहत होतं. सर रोज यायचे, रोज म्हणायचे, "अरे, तुटलं वाटतं." आम्ही ते रोज ऐकत होतो.

मी रेश्माला सांगितलं. ती डोळे मोठे करून हळूच म्हणाली, "गप बस. तीन आठवडे झाले. कुणाला कळतंय?" पण मी गप्प बसले नाही, एवढं तरी मला माझ्या बाजूने लिहायचं आहे. चारला सर खाली आले तेव्हा मी त्यांना सगळं सांगितलं. ते ऐकून घेत होते. आईचं नाव आलं तेव्हा कानापर्यंत लाल झाले. रागावतील असं वाटलं होतं, पण रागावले नाहीत.

"लता, पाकीट शनिवारी मुंबईला जायला हवं," ते म्हणाले.

"आठ दिवस द्या सर. दुपारच्या तेवढ्या पुन्हा बघते. रविवारीपण येते."

"आठ दिवस माझ्याकडे नाहीत. आणि हे बघ, शेवटी तो अंदाजच आहे. अशा किती ठिकाणांहून कागद जाणार, त्यात आपले किती? समुद्रात तांब्याभर पाणी." मग खिडकीबाहेर बघत त्यांनी पुढचं सांगितलं. "जूनपासून नवीन बॅच काढतोय. मुलींच्या बॅचला मॅडम लागेल. मी तुझंच नाव धरलंय."

त्यांनी मला धमकी दिली नव्हती. मी ते पुष्कळदा आठवून बघितलंय, सुरात कुठे धमकी नव्हती. माणूस खरोखरच अडचणीत होता आणि खरोखरच माझं नाव धरून होता. प्रत्येक पानाखाली एक ओळ छापलेली होती, "प्रत्यक्ष पाहून नोंद केली आहे", आणि पुढे सहीची जागा. शनिवारी मी बत्तीस पानांवर सह्या केल्या. पहिल्या दोन-तीन सह्या करताना हात जड झाला. नंतर नाही झाला, हे त्याहून वाईट.

रविवारी नानांचं एक घर राहिलं होतं. वाडीच्या पार टोकाचं, धोंडूतात्यांचं. तात्या वारल्यावर मुलं कायमची मुंबईला गेली होती. नाना दोनदा जाऊन आले होते, दोन्ही वेळा कुलूप. सोमवारी कागद द्यायचे होते आणि नानांचा उजवा गुडघा नारळाएवढा सुजला होता.

"अहो, गुडघा बघा केवढा झालाय," आई म्हणाली. "लिवा बंद नि व्हा मोकळे. कोण बघायला येणार हाय?"

"मी चाललोय ना बघायला," नाना म्हणाले आणि चपला शोधायला लागले.

मी त्यांच्याबरोबर गेले. पिशवी घ्यायला म्हणून गेले, पण खरं म्हणजे घरात आईसमोर बसवत नव्हतं. एसटीतून उतरून आम्ही चढायला लागलो. जागोजागी शेतात पालापाचोळा पेटवून राब भाजत होते, धुराने डोळे झोंबत होते. नाना दहा पावलं चालायचे आणि थांबायचे, थांबले की उगाच एखादं झाड दाखवायचे, म्हणजे थांबले असं वाटू नये. एका मोठ्या काजूखाली बसलो, पाणी प्यायलो. तासाची वाट आम्ही दोन तासांत चढलो. आमच्या घरापुढून गेलो, त्याच्या चौकटीवरही नानांनी आकडा टाकला होता, सव्वीस, शाळेतल्या फळ्यावर काढतात तसा वळणदार. धोंडूतात्यांच्या घराला कुलूप होतं. कुलपावर कोळ्याचं जाळं होतं. शेजारची पार्वतीकाकी सूप घेऊन ओटीवर बसली होती.

"मास्तर, परवा पण सांगितला ना, कोण नाय म्हणून," ती म्हणाली.

"ऐकलं गो काकी. पण बघतो."

आणि त्यांनी त्या कुलूप लावलेल्या दाराची कडी वाजवली. तीनदा. मग हाक मारली, "हाय का रे कोण?" थोडं थांबले. मला वाटलं ते मनात तीस मोजतायत. मग लंगडत घराला फेरी घालून मागच्या दाराशी गेले, तिथेही हाक मारली, मागच्या पडवीतल्या चुलीपाशी वाकून राखेला हात लावला. काकी माझ्याकडे बघून तोंडाला पदर लावून हसली. मला तिचा राग आला आणि नानांचाही. परत येऊन ते पायरीवर बसले, कागद मांडीवर घेतला आणि लिहिलं, बंद.

"हे घरी बसून लिहिलं असतं तरी हेच झालं असतं," मी म्हटलं. माझा आवाज चढला होता. "गुडघ्याची वाट लावलीत. काय फरक पडला?"

"घरी बसून लिहिलं असतं तर खोटं झालं असतं," ते म्हणाले. "आता खरं आहे." पेनाला टोपण लावून त्यांनी ते खिशाला अडकवलं.

उतरताना पुन्हा त्याच काजूखाली थांबलो. गुडघा दाबत दाबत त्यांनी सहज विचारलं, "तुझ्या दुपारच्या वेबसाईटी पुन्हा बघितल्यास ना?"

"हो," मी म्हटलं.

"बरं केलंस," ते म्हणाले, आणि चिकाचे डाग पडू नयेत म्हणून काजू रुमालात नीट बांधायला लागले.

जूनमध्ये मी मॅडम झाले. नोकरीवाली झाले म्हणून पुढे स्थळही जमलं, महाडलाच. त्या क्लासमध्ये मी इतकी वर्षं शिकवलं की आता बाजारात भाजी घेताना निम्म्या बायका मला मॅडम म्हणतात. पावसाळा संपल्यावर कधीतरी पेपरात आतल्या पानावर चार ओळींची बातमी आली होती, जगात चालू वेबसाईटी अमुक इतक्या. ती आमच्या कागदांवरून आली होती की दुसऱ्या कुणाच्या, कोण जाणे. नानांनी ती कात्रीने कापली आणि आपल्या वहीच्या शेवटच्या पानावर डकवली. येईल त्याला दाखवायचे. "यातल्या काही आमच्या लताने मोजल्यात. एकेक उघडून." मी चहा करायला आत जायची. वीस वर्षं मी चहा करायला आत जात होते. आईला तर मी सांगू शकले असते, तिने "मग काय झालं गो" म्हणून उडवून लावलं असतं. पण मला उडवून लावलेलं नको होतं. नानांना सांगायला हवं होतं, आणि नानांना सांगायचा दिवस उद्यावर ढकलता ढकलता नाना गेले. वही माझ्याकडे आहे. कात्रण पिवळं पडलंय, डिंकाचा डाग पुढच्या बाजूला आलाय. हल्ली मी कधी कधी फोनला विचारते, जगात वेबसाईटी किती. तो क्षणात आकडा सांगतो आणि न विचारता पुढे हेही सांगतो की यातल्या बहुतेक बंद पडलेल्या आहेत. त्याला ते कुणी बघून सांगितलं, ते मात्र सांगत नाही.

आणि गेल्या महिन्यात तो फोन आला. प्रियांकाचा. एकेकाळी माझ्या बॅचला होती, आता पोलादपूरकडे शिक्षिका आहे. घरं मोजायचं काम तिच्याकडे आलंय, आता कागदाऐवजी मोबाईलवर. "मॅडम, तुमच्या वाडीतलं घर बंद आहे म्हणतात शेजारी. बंद लिहून टाकू ना?"

"तू बघितलंस?" मी विचारलं.

"अहो मॅडम, शाळेपर्यंत रस्ता आहे, पुढे सगळी पायवाट. खालूनच विचारलं. सगळे तेच सांगतात."

घर बंदच होतं. नाना निवृत्त झाल्यावर दोघं परत वर राहायला गेले होते, आई गेल्यापासून ते बंद आहे, किल्ली माझ्याच कपाटात असते. हो म्हणायला मला एक अक्षर लागलं असतं. तोंडाशी आलंही होतं. "उद्या लिही," मी म्हटलं. "मी येते."

आता माझाही गुडघा बोलतो. दहा पावलं चालले की थांबत होते आणि थांबले की झाडं बघत होते. काजू आहे अजून, निम्मा वाळलाय. घरापाशी पोचले, कुलूप उघडलं, आतून वाळवीचा आणि बंद हवेचा वास आला. चूल बघितली, मागचं दार बघितलं. चौकटीवर पागोळ्यांचं पाणी पोचत नाही, त्यामुळे सव्वीसातला सहा अजून ओळखू येत होता. मी त्याला हात लावला आणि मग पायरीवर बसून जे रडायचं ते रडून घेतलं. प्रियांका धापा टाकत आली तोवर डोळे पुसून झाले होते.

"मॅडम, दार उघडं आहे," ती खूश होऊन म्हणाली. "मग बंद कशाला, राहतं घर लिहिते. तुमचं नाव घालते. कोण बघायला येतंय?"

क्षणभर मला मोह झाला. नानांचं घर राहतं, माझं नाव, एक माणूस. मोबाईल तिच्या हातात तयार होता. मी उठले, दार ओढून घेतलं, कुलूप लावलं आणि ओढून बघितलं.

"लिही," मी म्हटलं. "बंद."

तिने लिहिलं. मग जरा चिडूनच म्हणाली, "हेच लिहायचं होतं तर फोनवर हो म्हणायचं ना मॅडम. एवढं चढून कशाला आलात?"

मी तिला उतरताना सगळं सांगितलं. क्लास, मोडेम, सरांच्या आई, बत्तीस सह्या, धोंडूतात्यांचं कुलूप. कधी कुणाला एवढं सलग सांगितलं नव्हतं, नवऱ्यालाही नाही. ती मध्येमध्ये हसत होती, तिच्या जागी मीही हसले असते. काजूखाली आल्यावर मी दम खायला बसले. ती माझ्याजवळ बसली, पाण्याची बाटली पुढे केली आणि तिने तेच विचारलं जे सगळे विचारतात.

"मग किती निघाल्या, मॅडम?"

"माहीत नाही गो," मी म्हटलं. "दुपारच्या मी पुन्हा बघितल्याच नाहीत."